सुई लावायची का, ते लेकराचा श्वास सांगेल

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. मुलगा अडीच वर्षांचा, अंगणवाडीत वजन भरलं ११ किलो. दिवाळीपासून त्याला चौथ्यांदा सर्दी-खोकला झाला. दर वेळी नवरा गाडीवर बसवून खाजगी दवाखान्यात नेतो. तिथं एक सुई, एक गुलाबी औषध आणि खोकल्याची बाटली मिळते, दोन-अडीचशे रुपये लागतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. आशाताई म्हणतात, साधी सर्दी आहे, थांबा. सासूबाई म्हणतात, छाती भरली, कापराचं तेल लावा, शेक द्या, केळं-दही बंद करा. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर, तिथं गेलं की कापूस वेचणीची मजुरी बुडते. रात्री लेकराच्या छातीत घुरघुर होते, कधी बारीक शिट्टी वाजते. घरी गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी पऱ्हाट्यांच्या चुलीवर. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "सासऱ्यांचा खोकलाही महिनाभर सुरूच आहे, पण तो बिडीचा आहे." आणि प्रश्न असा: "आशाताईचं ऐकून थांबले आणि निमोनिया झाला तर? नवऱ्याचं ऐकून दर वेळी सुई देली तर पोरगं आतून कमजोर होईल का?"

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात खोकला किती दिवसांचा, ताप कधी उतरला, पैसे किती गेले, सगळं आहे. एकच गोष्ट नाही. तुमचा मुलगा एका मिनिटात किती श्वास घेतो, हे कुठंच नाही. आशाताई "थांबा" म्हणतात तेव्हा आणि तुमचे मालक "सुई" म्हणतात तेव्हाही तो आकडा कोणी पाहिला असं पत्रावरून दिसत नाही. साधी सर्दी आणि निमोनिया यांच्यातला फरक मात्र तिथंच सापडतो. खोकल्याच्या आवाजावर तो कळत नाही, शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणूनही कळत नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा होतोच. ताप तर दोन्हींत येतो.

म्हणून सुईचा वाद घडीभर बाजूला ठेवून आधी श्वास मोजायला शिका. लेकरू झोपलेलं किंवा मांडीवर शांत असलं पाहिजे. रडताना, खेळून आल्यावर किंवा दूध पिताना मोजलेला आकडा कामाचा नाही. नाक चोंदलं असेल तर आधी मोकळं करा. अंगातला सदरा वर करा आणि छाती-पोट जिथं मिळतं तिथं नजर ठेवा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान मुलं चार श्वास भरभर घेतात आणि मग क्षणभर थांबतात, तिथं हिशेब चुकतो. आकडा जास्त आला तर आणखी एकदा मोजा.

एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही रेषा ५० ची, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० ची. खोकल्यासोबत जलद श्वास म्हणजे निमोनिया समजायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तापानंही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजणं चांगलं. पण ताप उतरूनही आकडा ४० किंवा जास्तच असेल, किंवा ताप लवकर उतरतच नसेल, तर वाट बघत बसू नका.

दुसरी खूण बरगड्यांच्या खालच्या कडेला दिसते. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. तेव्हा छातीचा खालचा भाग उलट आत ओढला जात असेल, तर फुफ्फुसाला जोर पडतो आहे. आपल्याकडे ज्याला "डब्बा झाला" किंवा "पोट उडते" म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असतं. आपल्या आज्या-पणज्यांनी खूण बरोबर पकडली होती, चुकलं ते औषध. मेळघाटात अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं डागण्या देतात, त्यात आजार तसाच राहतो आणि वर भाजलेली जखम होते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ पासून गावातल्याच माणसांना, दाईंनासुद्धा, हा श्वास मोजायला आणि निमोनियाचं औषध द्यायला शिकवलं. त्यानं निमोनियाचे बालमृत्यू घटले, ते निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्यांना चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मणी आणि वाळूची घडी असलेलं साधं यंत्र बनवलं होतं. तुमच्या घरी हे तुरीच्या दाण्यांवर जमेल. दहा श्वास झाले की एक दाणा बाजूला. मिनिट संपायच्या आत चौथा दाणा बाजूला गेला की निघायचं. हे काम सासूबाईंकडे द्या, असं मला मनापासून वाटतं. त्या लेकराजवळ दिवसभर असतात, आणि "छाती भरली" म्हणणाऱ्या बाईच्या हातात दाणे आले की त्याच म्हणण्याला आकडा मिळतो.

काही खुणा दिसल्या तर श्वास मोजण्यासाठीही थांबायचं नाही. लेकरू पाणी किंवा दूध पीतच नाही, घेतलेलं सगळं ओकून टाकतं, झटके येतात, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घशातून घर्र आवाज येतो, ओठ किंवा जीभ निळसर दिसते. यातली एकही खूण दिसली तर रात्र असो की वेचणीचा दिवस, १०८ ला फोन करा. उपकेंद्राची सिस्टर जवळ असेल तर तिला आधी दाखवा. गंभीर निमोनियात पुढं पाठवण्याआधी पहिला डोस तिथंच देता येतो, त्यानं रस्त्यातला वेळ वाया जात नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र घरचा कोणताच उपाय नाही. त्यानं अंगावर ओढणं कमी केलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर थेट दवाखाना. अशा बाळाला निमोनियात खोकला येईलच असंही नसतं.

आता सुईबद्दल. तुमच्या मालकांचा अनुभव खोटा नाही. सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, हे त्यांनी चारदा पाहिलं. पण सर्दीचा ताप दोन-तीन दिवसांत आपोआपच उतरतो, आणि माणूस दवाखान्यात जातो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे उतरायच्या बेतात असलेल्या तापाचं श्रेय सुईला जातं. शिवाय अशा सुईत पुष्कळदा ताप उतरवणारं औषध किंवा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं लेकरू काही तासांत टवटवीत दिसतं, पण विषाणू मरत नाही. तुम्ही विचारता, कमजोर होईल का? एखाद्या सुईनं होणार नाही. स्टेरॉइड वारंवार दिलं तर मात्र वाढ खुंटते आणि अंगातली लढायची ताकद दबते. कुल्ल्यात चुकीच्या जागी सुई लागली तर शीर दुखावून पाय लुळा पडल्याची उदाहरणं आहेत. जे औषध तोंडानं देता येतं, ते पिणाऱ्या-खाणाऱ्या लेकराला सुईनं द्यायचं कारण नसतं. यापुढं सुई दिलीच, तर "यात काय आहे, कागदावर लिहून द्या" एवढं म्हणा. हा तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही.

गुलाबी औषध बहुधा अँटिबायोटिक असावं. बाटलीत पूड होती आणि घरी पाणी घालायला सांगितलं असेल, तर नक्कीच तसंच दिसतं. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूवर नाही. लहान मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला तरी ते एकट्यानं निमोनियाचं लक्षण नाही. दर वेळी अँटिबायोटिक दिलं तर पोट बिघडतं, आणि खऱ्या निमोनियाच्या वेळी तेच औषध लागू न पडण्याचा धोका वाढतो. पण श्वास ४० किंवा जास्त असेल, तर हेच औषध जीव वाचवतं. तेव्हा आशाताईंचं "थांबा" चालणार नाही, त्याही तसं म्हणणार नाहीत. निमोनियाला बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन देतात, वजनावर मात्रा ठरवून, दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. श्वास कमी झाला नसेल तर औषध बदलावं लागतं.

या बाटलीत तीन चुका हमखास होतात. पहिली पाण्याची. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचं. आधी थोडं घालून हलवायचं, पूड विरघळली की उरलेलं. पाणी जास्त झालं की प्रत्येक डोस पातळ पडतो. दुसरी हलवण्याची. औषध खाली बसतं, न हलवता दिलं तर पहिले दिवस नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटी दाट औषध. तिसरी, आणि सगळ्यात जास्त होणारी, म्हणजे ताप उतरला की बंद करून उरलेलं पुढच्या खोकल्यासाठी ठेवणं. पाणी घातलेलं अमॉक्सिसिलिन साधारण सात दिवसच चांगलं राहतं. घरी फ्रिज नसेल तर तसं दवाखान्यात सांगा, पाण्यात विरघळणारी गोळीही मिळते. तुमच्या कोनाड्यात आता अर्ध्या बाटल्या असतील, त्यांतलं औषध आजच ओतून द्या, रिकाम्या बाटल्या मात्र ठेवा.

खोकल्याच्या बाटलीचं मी अधिक कडक बोलेन: ती बंद करा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषानं किडन्या निकामी होऊन गेली. त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आत सहसा देऊच नयेत. विष नसलेल्या सिरपचाही या वयात उपयोग दिसत नाही, झोप आणि सुस्ती मात्र येते. आणि सुस्त लेकरू आजारानं सुस्त आहे की औषधानं, हे मग तुम्हाला कळणार नाही.

मग घरी काय करायचं? नाक मोकळं ठेवायचं. एक पेला, म्हणजे अंदाजे २५० मिलि, उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ, सपाट भरलेला. दूध पाजण्याआधी आणि झोपण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभरानं मऊ कापडाच्या वातीनं पुसून घ्या. पाणी रोज नवं करा. ढास लागली तर अर्धा चमचा मध, झोपताना. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नका. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. वजनाच्या किलोमागं १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या ११ किलोच्या लेकराला एका वेळी साधारण १६५. बाटलीवर "५ मिलिमध्ये १२५" असेल तर साडेसहा मिलि, "५ मिलिमध्ये २५०" असेल तर सव्वातीन मिलि. हे वाचल्याशिवाय औषध ओतू नका, कारण दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात आणि एकीत औषध दुप्पट असतं. थेंबांची छोटी बाटली त्याहूनही तीव्र असते. दोन डोसांत सहा तास हवेत, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मोजायला बाटलीसोबतचं टोपण किंवा बिनसुईची सिरिंज वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. आणि ताप असताना स्वेटर-कानटोपी-गोधडी घालून लेकराला गुंडाळू नका.

सासूबाईंच्या उपायांत राहू द्यावं असंही बरंच आहे. तुळस-आल्याचा कोमट काढा दोन-तीन चमचे, हळदीचं दूध, वरणाचं पाणी, काही हरकत नाही. केळं आणि दही बंद करायची मात्र गरज नाही. आजारात लेकराचं खाणं आधीच कमी होतं, त्यात पथ्य लावलं की वजन घसरतं, आणि वजन घसरलेलं लेकरू पुन्हा लवकर आजारी पडतं. थोडं-थोडं पण वारंवार खाऊ घाला, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. कापराचं तेल नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि लेकराचं बोट छातीवरून तोंडात जायला वेळ लागत नाही. नाकात तेल किंवा तूप सोडत असाल तर तेही थांबवा, ते फुफ्फुसात उतरलं की त्याचाच निमोनिया होतो. ओव्याच्या पुरचुंडीचा शेक द्यायचाच असेल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. दार लावून शेगडी किंवा ओव्याची धुरी मात्र कधीच नको.

आता घुरघुर आणि शिट्टी. चार वेळा सर्दी झाली असं तुम्ही लिहिता, पण तो चार वेळचा संसर्गच होता हे कशावरून? काही मुलांच्या श्वासनलिका सर्दीचा विषाणू, धूर किंवा थंड हवा लागली की आकसतात. मग रात्री खोकला वाढतो, श्वास सोडताना शिट्टी वाजते. याला अँटिबायोटिक कामाचं नाही. सालब्यूटामॉल या औषधाचा पंप मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे मधल्या पोकळ नळीतून, दिला की नळ्या मोकळ्या होतात, आणि श्वास खरोखर हलका होतो. "पंपाची सवय लागते" असं तुम्हाला दहा जण सांगतील, ते खरं नाही. पंपातून औषध थेट छातीत जातं, म्हणून सिरपपेक्षा कितीतरी कमी लागतं. रात्री शिट्टी वाजेल तेव्हा मोबाईलवर त्याच्या उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दिवसा दवाखान्यात आवाज बंद असतो, तेव्हा हा व्हिडिओच डॉक्टरांच्या कामी येतो.

चुलीचा धूर यात मोठा भागीदार आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या भरकन पेटतात आणि भरपूर धूर सोडतात, लेकरू त्याच खोलीत ऊब घेत बसतं. पूर्ण स्वयंपाक गॅसवर परवडत नाही हे समजतं. पण चूल अंगणात, छपराखाली नेता येते, आणि ती पेटलेली असताना लेकरू दुसरीकडं ठेवता येतं. बिडीही घराबाहेर.

आणि आता ती शेवटची ओळ, जी तुम्ही सहज लिहिली आहे. पत्र वाचताना मला सर्वांत जास्त काळजी तिथं वाटली. मोठ्या माणसाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, मग बिडी असो वा नसो. बिडीचा खोकला आणि टीबीचा खोकला कानाला सारखाच ऐकू येतो, आणि बिडी ओढणाऱ्याला टीबीचा धोका उलट जास्त. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, धोतर सैल होणं, थुंकीत रक्त, यातलं काही आहे का ते बघा. काही नसलं तरी तपासणी करायचीच. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधंही फुकट, साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली. टीबी निघालाच तर घाबरून लेकराला आजोबांपासून तोडू नका, पण लपवूही नका. घरातल्या सगळ्यांची तपासणी होते, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध देतात. थुंकी तपासली आणि टीबी नाही निघाला, तर बिडीनं फुफ्फुस किती खराब झालं ते डॉक्टर बघतील, त्यालाही पंप आहे.

राहिला ९ किलोमीटरचा प्रश्न. लेकरू खातं-खेळतं आहे आणि श्वास ४० च्या आत आहे, तर आज धावत जायची गरज नाही, रोज सकाळ-संध्याकाळ मोजत राहा. आधी आशाताईंना विचारा, तुमचं उपकेंद्र किती लांब आहे. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसत असतील तर श्वास, ऑक्सिजन, वजन तिथंच बघतात, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. लसीकरणाच्या दिवशी गेलात तर माता-बाल संरक्षण कार्डही तपासून घ्या. पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही या लसी निमोनियाच्या दोन मोठ्या जंतूंना अडवतात, गोवराची लस गोवरानंतरचा निमोनिया टाळते. एखादा डोस राहिला असेल तर विचारा, उशिराही काही डोस देता येतात. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी पाचव्या वर्षापर्यंत असतो, तोही बघा.

मालकांशी भांडू नका, त्यांनाही लेकराचीच काळजी आहे, म्हणून तर ते मजुरी सोडून गाडी काढतात. त्यांना एकदा सोबत बसवून श्वास मोजायला लावा. पुढच्या वेळी दवाखान्यात "याला सुई द्या" याऐवजी त्यांनीच सांगावं, "झोपेत मोजला, ३४ भरला, छाती आत जात नाही, रात्री शिट्टी वाजते, हा व्हिडिओ." इतकं ऐकल्यावर डॉक्टरही वेगळा विचार करतात.

आणि आरोग्य केंद्रात एकदा जायचंच आहे, तर सासऱ्यांना सोबत न्या, एका फेरीत दोन्ही कामं होतील. आतापर्यंतच्या बाटल्या आणि चिठ्ठ्या पिशवीत घ्या, रिकाम्या झाल्या असतील तरी. आशाताईंकडून थुंकीची डबी आदल्या दिवशी आणा. सासऱ्यांनी सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, अंगणात उघड्यावर उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं आणि आलेला बेडका डबीत टाकायचा. नुसती लाळ आली तर ती चालत नाही, पुन्हा खोकायचं. झाकण घट्ट लावा, वरून हात साबणानं धुवा, आणि डबी त्याच सकाळी पोचवा.